हेडफोन घेताना पैसे नेमके कशाचे मोजताय?

दर थोड्या दिवसांनी कुणाचा तरी मेसेज येतो, अरे एवढं बजेट आहे चांगला हेडफोन सांग, आणि मी उलट विचारतो की कुठं बसून ऐकणार, कशाला जोडणार, सलग किती तास घालणार, तर समोरचा वैतागतो की बाबा तू नुसतं नाव सांग ना. नाव सांगता येतं हो. पण मग महिन्याभरानी त्याच माणसाचा फोन येतो की कान दुखतात नाहीतर कॉलवर माझा आवाज कुणाला कळत नाही, आणि शिव्या मला. म्हणून हे एकदाचं सगळं लिहून टाकतोय, पुढच्या वेळी लिंक टाकून मोकळा.

आधी एक डोक्यातून काढून टाका, की जेवढे जास्त पैसे तेवढा आवाज चांगला. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाचा एक पेपर आला होता, त्यात २८३ हेडफोनांची मोजमापं घेतली होती, कानात घालायचे, कानावर टेकणारे, कान झाकणारे असे सगळे. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे खर्जातलं किती ऐकू येतं आणि वरच्या पट्टीतलं किती येतं त्याचा जो आलेख असतो, त्याचा किमतीशी काही संबंध लागतो का हे बघितलं. नाही लागला. याचा अर्थ महाग सगळे भंगार असा नाही, अर्थ एवढाच की किंमत बघून आवाजाचा अंदाज बांधता येत नाही.

मग जास्तीचे पैसे जातात कुठं? ब्लूटूथची चिप, बॅटरी, चार-सहा माइक, नॉइज कॅन्सलेशन, चार्जिंगची डबी, अ‍ॅप, धातूची बॉडी, जाहिरात आणि नाव. यातल्या काही गोष्टी खरोखर कामाच्या आहेत, मी स्वतः त्यांचे पैसे दिलेत आणि परत देईन. पण एक लक्षात ठेवा की बजेट तेवढंच असेल आणि त्यात या सगळ्या वस्तू कोंबलेल्या असतील तर आवाजाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्यामुळं सारख्याच पैशात वायरवाला आणि वायरलेस असे दोन समोर असतील तर नुसत्या आवाजात बहुतेक वेळा वायरवाला पुढं असतो. वायर चालत नसेल तर नसेल, ठीक आहे, फक्त आपण सोयीचे पैसे मोजतोय हे माहीत असू द्या.

आता पहिला प्रश्न, कुठं ऐकणार. घरात एकटे, शांत खोलीत बसून ऐकत असाल तर ओपन बॅक नावाचा प्रकार बघाच. यात कपाची बाहेरची बाजू जाळीची असते, आवाज आतबाहेर मोकळा खेळतो आणि त्यामुळं गाणं डोक्यात कोंडल्यासारखं न वाटता थोडं आजूबाजूला पसरल्यासारखं वाटतं, शिवाय कानाला गरमही कमी होतं. पण शेजारी बसलेल्याला तुमचं अख्खं गाणं ऐकू येणार आणि तुम्हाला त्याचं अख्खं बोलणं, त्यामुळं बस, ट्रेन, ऑफिस, बाळ झोपलेली खोली, इथं हा प्रकार बाद. तिकडं क्लोज्ड बॅक नाहीतर कानात बसणारे. लोक हे बघतच नाहीत, कुठंतरी वाचतात की अमुक ओपन बॅक जगात भारी आहे, मागवतात, आणि मग ऑफिसमध्ये घालून बसतात.

दुसरं, किती वेळ घालणार. कानावर नुसते टेकणारे, ज्याला ऑन-इअर म्हणतात, ते छोटे हलके आणि घडी करून बॅगेत टाकायला बरे असतात, पण कानाची पाळी दाबली जाते आणि तासाभरात आग व्हायला लागते. चष्मा असेल तर विचारूच नका, काडी आणि पॅड यांच्यामध्ये कान सापडतो. याला अपवाद आहेत, कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून विकला जातोय आणि अजून लोक आवडीनं घेतात कारण तो डोक्यावर आहे का नाही हेच कळत नाही, आवाजही किमतीच्या मानानं सुरेख. पण सर्वसाधारणपणे दोन-तीन तास बैठक असेल तर कान पूर्ण आत जाईल असा ओव्हर-इअरच घ्या. पॅडच्या आतली जागा बघा, नुसती रुंदी नाही तर खोलीपण, कारण कान आतल्या कापडाला घासत राहिला की तोही त्रासच. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असेल तर छान, तीनशेच्या वर गेलं की मान बोलायला लागते. काही मेटलचे भारीतले वायरलेस तर पावणेचारशेच्याही पुढं जातात, हातात घेतल्यावर "वा काय दणकट" वाटतं, डोक्यावर तासभर ठेवा मग कळेल.

फिटिंगबद्दल जरा जास्तच बोलणार आहे कारण निम्मा आवाज तिथंच ठरतो. बेस हा हवेच्या दाबाचा खेळ असतो, कप आणि डोकं यांच्यात फट राहिली की तो दाब निसटतो आणि बेस गायब होतो. केस मध्ये आले, चष्म्याची काडी आली, जबडा बारीक आहे, काहीही कारण असेल. घरी एक साधी तपासणी करा, बेस असलेलं गाणं लावा आणि दोन्ही कप हातानं अलगद डोक्याकडं दाबा. बेस एकदम वाढला तर समजायचं की तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाहीये, मग रिव्ह्यूवाला त्या बेसबद्दल काहीही बोलू दे, तुम्हाला तो मिळणार नाही. चष्मेवाल्यांनी चष्मा घालूनच ही तपासणी करायची. (ओपन बॅकवाल्यांना हे थोडं कमी लागू पडतं, त्यांचा बेस असाही मोकळाच असतो.)

कानात घालायच्यांचं तर विचारूच नका. माझ्या ओळखीतले निम्मे लोक डब्यातले मधल्या साइजचे रबर लावून आलेत तसेच वापरतात, बाकीचे रबर पिशवीतच. आणि मग म्हणतात आवाज पातळ आहे, सारखे पडतात. अरे बाबा, बदलून बघ ना. दोन कानांना दोन वेगळे साइज लागू शकतात, माझ्या डाव्या कानाला मोठा लागतो आणि उजव्याला मधला, आणि हे कळायला मला काही वर्षं लागली. घालताना विरुद्ध बाजूच्या हातानं कान वर आणि जरा मागं ओढायचा, नळी सरळ होते, मग इअरफोन आत सरकवून कान सोडायचा. नीट बसला की बाहेरचे आवाज एकदम दबतात आणि स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं, ती खूण. सिलिकॉन रबर कुठलाच बसत नसेल तर फोमचे मिळतात, बोटांनी चेपून आत घालायचे, ते फुगून बसतात, फक्त लवकर झिजतात आणि मळतात. नवीन महाग इअरफोन घ्यायच्या आधी जुन्याचे रबर बदलून बघा, मी मस्करी करत नाहीये.

आता वायरवाल्यांची गोष्ट, आणि इथं माझी स्वतःची फजिती. एका स्टुडिओ हेडफोनचं खूप कौतुक वाचलं, पैसे साठवले, मागवला, फोनला जोडला आणि आवाज फुल करूनसुद्धा मुंगी बोलतीये असं. मला वाटलं पीस खराब आला. खराब काही नव्हता, मी २५० ओहमचा मागवला होता (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचा आकडा). तोच मॉडेल कमी ओहममध्येसुद्धा मिळत होता, पण मोठा आकडा म्हणजे चांगला असा माझा समज. तर कसंय बघा, फोनच्या जॅकमधून जेमतेम एखादा व्होल्ट निघतो, कधी त्याच्याही निम्मा. एक व्होल्ट धरला तर ३२ ओहमच्या हेडफोनला ३१ मिलिवॅट मिळतात आणि २५० ओहमवाल्याला फक्त ४. सरळ आठपट फरक. त्यामुळं फोन, लॅपटॉप, टॅबलेट एवढंच असेल तर १६ ते ८० ओहमच्या मध्येच राहा, २५०-३००वाले तुमच्याकडं आवाजाची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प असेल किंवा घ्यायची तयारी असेल तरच, आणि तो अ‍ॅम्पचा खर्च बजेटमध्ये धरूनच.

पण नुसते ओहम बघून पण भागत नाही, सोबत सेन्सिटिव्हिटी बघायची, म्हणजे दिलेल्या ताकदीत किती मोठा आवाज काढतो. ती डेसिबलमध्ये असते, आणि यात एक गंमत आहे, काही कंपन्या ती दर मिलिवॅटला सांगतात आणि काही दर व्होल्टला. ३२ ओहमचा एक हेडफोन मिलिवॅटला १०० लिहितो आणि दुसरा तेवढ्याच ओहमचा व्होल्टला ११० लिहितो, तर दुसरा भारी वाटतो ना? प्रत्यक्षात पहिल्याचा आकडा व्होल्टच्या हिशोबात ११५ होतो, म्हणजे तोच जास्त मोठा वाजणार. एवढं गणित कुणी करत बसत नाही म्हणूनच ते आकडे तसे छापलेले असतात, असा आपला माझा संशय.

फोनला गोल जॅकच नसेल तर टाइप-सीचा छोटा डोंगल लागतो. हा दिसतो वायरीसारखा पण त्याच्या आत डीएसी, म्हणजे डिजिटल गाण्याचं हेडफोनला लागणाऱ्या विजेत रूपांतर करणारी चिप, आणि बारकासा अ‍ॅम्प असतो. काही डोंगल मात्र नुसतीच वायर असते, आत काहीच नाही, आणि ते ठरावीक फोनवरच चालतात, त्यामुळं घेताना डीएसी आहे का विचारूनच घ्या. आणि साध्या हेडफोनला हजार भानगडींचा महागडा डीएसी लावून आवाज स्वर्गीय होतो वगैरे वाचाल, त्यावर जाऊ नका. व्हॉल्यूम पुरतोय, मागं खरखर नाहीये, विषय संपला. उरलेले पैसे हेडफोनमध्ये टाका, फरक तिथं पडतो.

डब्यावरच्या आकड्यांपैकी सोडून द्यायचे कुठले तेही सांगतो. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर, ४० एमएम की ५० एमएम, यावरून आवाजाचं काही कळत नाही, बहुतेक ओव्हर-इअर ४०च्या आसपासच असतात आणि त्यात अप्रतिमपासून टाकाऊपर्यंत सगळं आहे. "५ हर्ट्झ ते ४०,००० हर्ट्झ" हे लिहिलेलं असतं, माणसाचा कान अगदी तरुणपणी २० ते २०,००० पर्यंत ऐकतो आणि वय वाढलं की वरचं गळत जातं, ४०,००० काय वटवाघळाला ऐकवायचंय? आणि त्या रेंजमध्ये आवाज किती वरखाली होतो हे सांगितलेलं नसेल तर तो आकडा नुसताच शोभेचा. हाय-रेझचं सोनेरी स्टिकर असतं तेही याच ४० किलोहर्ट्झच्या अटीशी बांधलेलं आहे, असलं तर असू दे, त्यासाठी जास्त पैसे नको. गेमिंग हेडसेटवर ७.१, म्हणजे चहूबाजूंनी आवाज, असं लिहितात, आत बहुतेक वेळा दोनच ड्रायव्हर असतात, बाकी सगळं सॉफ्टवेअरचं काम, जे कुठल्याही साध्या हेडफोनवर पण करता येतं. गेमिंगसाठीसुद्धा मी तर म्हणेन बरा साधा हेडफोन आणि वेगळा माइक घ्या, रंगीत लाइट लागत नसतील तर.

वायरलेस. इथं कोडेक नावाचा शब्द सारखा कानावर पडतो. ब्लूटूथमधून गाणं पाठवताना ते दाबून बारीक करावं लागतं, त्या दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणायचं. एसबीसी सगळ्यांकडं असतोच, आयफोन एएसी वापरतो, अँड्रॉइडवर अ‍ॅपटीएक्स आणि सोनीचा एलडीएसी पण असतो जो ९९० केबीपीएसपर्यंत जातो. मुद्दा असा की फोन आणि हेडफोन दोन्हीकडं तो असला तरच उपयोग, आयफोनवाल्यानं एलडीएसीसाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे अक्षरशः पैसे पाण्यात, कारण आयफोनमध्ये तो नाहीच. आणि एलडीएसी असला तरी फोन बरेचदा सिग्नल बघून आपोआप खालच्या ६६० किंवा ३३० वर उतरतो. खरं सांगायचं तर चालताफिरता ऐकताना एएसी आणि एलडीएसीत फरक ओळखणारे मला फार भेटले नाहीत, दोन हेडफोनांच्या ट्यूनिंगमधला, म्हणजे खालचा-वरचा आवाज किती ठेवलाय त्यातला, फरक मात्र कुणालाही कळतो. कोडेकवरून निर्णय घेऊ नका.

याच्यापेक्षा जास्त त्रास देणारी गोष्ट कुणी सांगतच नाही. लॅपटॉपवर मस्त गाणं चालू असतं, मीटिंग सुरू होते, हेडफोनचा माइक चालू होतो आणि एकदम सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा डबक्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन बिघडलेला नाही. नेहमीचं ब्लूटूथ चांगल्या दर्जाचं ऐकणं आणि माइक दोन्ही एकदम पेलू शकत नाही, माइक लागला की ते कॉलच्या मोडमध्ये जातं. उपाय सोपा, मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा आणि ऐकायला फक्त हेडफोन ठेवा. नवीन एलई ऑडिओमध्ये, म्हणजे एलसी३ कोडेकवाल्यात, हे सुधारलंय पण तिथंही दोन्ही बाजूंना सपोर्ट हवा. दिवसभर कॉलच असतील तर तोंडापाशी दांडी येणारा माइक असलेला ऑफिस हेडसेट घ्या, तो दिसायला कॉल सेंटरसारखा दिसतो खरा पण समोरच्याला तुमचं बोलणं स्वच्छ कळतं, माइक तोंडाच्या जितका जवळ तितकं बरं, याला पर्याय नाही. आणि दोन डिव्हाइस एकदम जोडून ठेवायची मल्टिपॉइंट नावाची सोय असेल तर फोन-लॅपटॉप करणाऱ्यांना ती सोन्यासारखी आहे, हिच्यासाठी मी खुशाल जास्त पैसे देतो.

गेम खेळत असाल किंवा वाद्य वाजवून हेडफोनवर ऐकत असाल तर ब्लूटूथ विसरा. आवाज उशिरा येतो, सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा कुठं जात नाही. व्हिडिओ बघताना कळत नाही कारण प्लेअर चित्र तेवढंच मागं ठेवतो, पण गेममध्ये गोळी सुटल्यावर ठो ऐकू येतं.

नॉइज कॅन्सलेशनचं, म्हणजे एएनसीचं, काय ते नीट समजून घ्या. बाहेरचा माइक आवाज ऐकतो, चिप त्याची उलटी लाट तयार करते, दोन्ही एकमेकांना मारतात. हे सलग चालणाऱ्या खालच्या आवाजांवर भारी चालतं, इंजिन, एसी, पंखा. १९७८ मध्ये अमर बोस यांना ही कल्पना विमानात बसल्या बसल्या सुचली, आणि पुढं १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा असा हेडसेट आला तोही वैमानिकांसाठी. यावरूनच कळतं की हे मुळात कशासाठी आहे. माणसांचं बोलणं, भांड्यांचा आवाज, पोरांची किंचाळी यांवर ते तेवढं चालत नाही, तिथं पॅडची किंवा रबराची घट्ट बसणी कामाला येते. मी पण पहिल्यांदा घेतला तेव्हा वाटलं होतं की आता शेजारच्या टेबलावरच्या गप्पा बंद होणार, बंद झाली ती एसीची घरघर, आणि गप्पा उलट जास्त स्पष्ट ऐकू यायला लागल्या! रोज तासभर प्रवास असेल तर एएनसीचे पैसे जरूर मोजा. शांत घरात ऐकणार असाल तर त्याचे पैसे वाया, शिवाय स्वस्तातल्या एएनसीत मागं बारीक हिस्स येत राहतो, आणि काही जणांना चालू केल्यावर कानात दडे बसल्यासारखं वाटतं, म्हणून आधी घालून बघायला मिळालं तर बघाच.

बॅटरी. छोट्या इअरबड्समध्ये नखाएवढी बॅटरी असते, ती रोज चार्ज होते आणि रोज संपते, दोन-तीन वर्षांत निम्म्या वेळात मान टाकायला लागते, आणि बहुतेकांत बदलता येत नाही. म्हणजे इअरबड्स ही वापरून टाकायची वस्तू आहे असं धरूनच चाला. त्यात खूप पैसे घालायची माझी तरी छाती होत नाही, मधल्या पट्टीतले घ्यावेत आणि संपले की संपले. मोठ्या वायरलेसमध्ये बॅटरी जास्त टिकते, पण घेताना एवढं बघा की बॅटरी पूर्ण मेल्यावर वायर लावून चालतो का. काही चालतात, काही चालतात पण आवाज वेगळाच येतो, आणि काही बंदच.

घामाघूम व्यायामासाठी घेत असाल तर आयपी रेटिंग बघा, आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ही चाचणी साध्या पाण्याची असते, खारट घामाची नाही, त्यामुळं वापरून झालं की पुसायचं. डबीला बरेचदा काहीच रेटिंग नसतं, ओले बड तसेच डबीत टाकणारे पुढं रडतात.

आता माझा सगळ्यात आवडता विषय, टिकणं. हेडफोनचा ड्रायव्हर सहसा जात नाही. जातं काय तर जॅकपाशी वायर, बिजागरी आणि पॅडचं नकली लेदर. माझा एक बऱ्यापैकी महागाचा हेडफोन फक्त बिजागरीच्या प्लॅस्टिकच्या एका टाचणीएवढ्या तुकड्यापायी गेला, आवाज शेवटपर्यंत खणखणीत, आणि कंपनीचं उत्तर काय तर नवीन घ्या. त्यानंतर मी घेताना आधी हे बघतो की वायर निघते का, पॅड वेगळे मिळतात का, बिजागरीत स्क्रू आहेत का नुसतं चिकटवलंय. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७चा मॉडेल आहे, वायर, पॅड सगळं सुटं मिळतं म्हणून लोक तो वर्षानुवर्षं चालवतात. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून स्टुडिओत दिसतो, त्याची वायर मात्र निघत नाही पण पॅड सहज मिळतात. ऑडिओ-टेक्निकाच्या एम५०ला वायर फिक्स होती, २०१४च्या एम५०एक्समध्ये ती निघणारी केली, आणि त्या एका बदलानं त्या हेडफोनचं आयुष्य वाढलं. जुनी, वर्षानुवर्षं न बदललेली मॉडेल घेण्यात हाच फायदा आहे, सुटे भाग मिळतात आणि लोकांनी सगळे दोष आधीच शोधून ठेवलेले असतात. फक्त एक, दुसऱ्या कंपनीचे पॅड लावले तर आवाज बदलतो, कधीकधी पार बिघडतो, म्हणून शक्यतो मूळचेच.

वायरवाल्या इन-इअरमध्ये गेल्या काही वर्षांत चांगलीच मजा आलीये, मूनड्रॉप, ट्रूथइअर, सेव्हनहर्ट्झ अशा चिनी कंपन्यांचे एकच ड्रायव्हर असलेले साधे मॉडेल फार कमी पैशात इतकं नीट वाजतात की मोठी नावं मागं पडलीत. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तसं. पैसे कमी आणि आवाजच हवा असेल तर मी डोळे झाकून इकडं पाठवतो. ड्रायव्हर एका बाजूला सात का नऊ असं सांगून विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, संख्येनं काही होत नाही, ट्यूनिंग कोण करतं त्यावर आहे.

रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही सोडा. पाचवाल्यानं डबा उघडून लगेच लिहिलेलं असतं आणि एकवाल्याचं कुरिअर उशिरा आलेलं असतं. दोन-तीन स्टारवाले वाचा, त्यातही सहा महिन्यांनी परत येऊन लिहिलेले. एकच तक्रार पाच-सहा जणांची दिसली, डावी बाजू बंद पडते, पॅड सोलले, तर ती खरी माना. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचे ग्राफ बघायची हौस असेल तर दोन गोष्टी सांगतो, एक म्हणजे हेडफोनचा कच्चा ग्राफ सपाट नसतोच, ३००० हर्ट्झच्या आसपास उंचवटा असावाच लागतो कारण समोरून येणारा तिथला आवाज आपला कान स्वतः वाढवतो, हेडफोन घातल्यावर ती वाढ तशी होत नाही आणि हेडफोनला तिची भरपाई करावी लागते. दुसरं, दोन वेगळ्या साइटवरचे ग्राफ एकमेकांशी ताडून बघू नका, मोजायची यंत्रं वेगळी असतात. तुमच्याकडं आधीपासून असलेल्या हेडफोनचा ग्राफ त्याच साइटवर काढा आणि नवीन त्याच्या शेजारी ठेवून बघा, बेस कुठं जास्त आहे, ५ ते ८ हजारात सुळका आहे का, कारण तिथं सुळका असेल तर गाण्यातले स आणि श सुईसारखे टोचतात.

प्रत्यक्ष ऐकून घ्यायला मिळालं तर आपली, शंभरदा ऐकलेली गाणी न्या, दुकानातलं डेमो गाणं सगळ्यावर चांगलंच वाजतं. एक नुसत्या गळ्याचं, एक डग्ग्याचा किंवा ड्रमचा खालचा घुमारा असलेलं, एक खूप वाद्यांची गर्दी असलेलं. डग्ग्याची घिस येते तेव्हा सूर वळलेला कळतोय की नुसतंच धप्प वाजतंय, गाणारा समोर उभा आहे की पडद्यामागं, हे बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन हेडफोन ताडताना आवाजाची पातळी सारखी करा. जरासा मोठा वाजणारा आपल्याला कायम चांगला वाटतो, कानच तसे आहेत, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. पाच मिनिटांत झणझणीत वाटणारा हेडफोन तासाभरानं डोकं उठवतो असंही होतं, म्हणून निदान पंधरा-वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. पन्नास-शंभर तास वाजवल्यावर आवाज "खुलतो" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या, खुलतं ते बहुतेक आपल्या कानांची सवय, आणि तोवर परत करायची मुदत निघून गेलेली असते.

आवाज नव्वद टक्के आवडला आणि एखादी गोष्ट खटकली तर नवीन घ्यायच्या आधी इक्वलायझर. ऑटोईक्यू नावाचा फुकट प्रकल्प आहे, त्यात हजारो मॉडेलांच्या तयार सेटिंग आहेत, विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेटमध्ये त्या टाकता येतात. फुसका बेस, टोचणारे स, हे बरंच सुधारतं. दुखणारा कान आणि तुटलेली बिजागरी मात्र इक्वलायझरनं सुधारत नाही, म्हणून दोन हेडफोनमध्ये अडकलात तर जो डोक्यावर जास्त सुखाचा तो घ्या.

जाता जाता व्हॉल्यूमबद्दल. डब्ल्यूएचओचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, आणि ९०ला गेलात की फक्त ४. बाहेरचा गोंगाट दाबायला आपण आवाज वाढवत जातो, त्यामुळं घट्ट बसणारा इन-इअर किंवा एएनसी असेल तर आपोआप कमी आवाजात भागतं, हा त्यांचा खरा फायदा.

आणि वस्तू हातात आली की परतीची मुदत संपायच्या आत हे करून घ्या. एकट्या माणसाचा आवाज लावा, तो बरोबर मधोमध येतोय का बघा, एका बाजूला झुकत असेल तर दोन ड्रायव्हर जुळलेले नाहीत. २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा एकच सूर, कमी आवाजात लावा, मध्येच पत्रा वाजल्यासारखं झालं तर पीस बाद. वायर जॅकपाशी हलवून बघा, खरखर आली की बाद. माइकवर एक मिनिट रेकॉर्ड करून स्वतः ऐका, एकदा पंखा लावून. बॅटरी किती तास जाते ते एकदा घड्याळ लावून बघा. एक अख्खी संध्याकाळ डोक्यावर ठेवा. हे सगळं होईपर्यंत डबा, पिशव्या, पावती काही म्हणजे काही फेकू नका, मी फेकलंय, आणि तो हेडफोन अजून कपाटात पडलाय.